दूरसंचाराचे जाळे : दूर पल्ल्याची गुंतवणूक

धरण झाले म्हणजे पाणी दिसते, रस्ता झाला म्हणजे एस.टी. धावताना दिसते. दूरसंचारावरील बराचसा खर्च मात्र जमिनीखाली गाडला जातो. तो डोळ्यांसमोर नसतो आणि म्हणूनच त्याचा हिशेब सहसा चुकीचा मांडला जातो.

ऑप्टिकल फायबर केबल टाकताना काचेच्या तंतूंची किंमत तुलनेने थोडी असते. चर खणणे, नळी टाकणे, परवानग्या मिळवणे आणि उखडलेला रस्ता पूर्ववत करणे, यांतच पैसा मुरतो. परंतु नीट गाडलेली केबल पंचवीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ काम देते. जुनी होतात ती दोन्ही टोकांची यंत्रे. ती बदलली, की त्याच तंतूची वहनक्षमता कितीतरी पट वाढते. पुण्यात १९७९ साली दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली. अशा तंतूंवरून पुढे बँकांचे व्यवहार आणि सातबाराचे उतारेही जातील, हे त्या वेळच्या कोणत्या अंदाजपत्रकात मांडता आले असते?

चार-पाच वर्षांच्या ताळेबंदाची कसोटी लावली, तर शहरेच तेवढी फायद्याची ठरतात. खेड्यात ग्राहक विरळ, अंतरे लांब आणि परतावा उशिराचा. याच कारणाने दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील काही वाटा २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतला जाऊ लागला. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या योजनेचा अनुभव कडू-गोड आहे. केबल पोहोचली, पण कोठे रस्तारुंदीकरणात ती तुटली, तर कोठे विजेअभावी यंत्र बंद पडले. टाकण्याच्या खर्चाची तरतूद उत्साहाने होते, राखण्याच्या खर्चाची नाइलाजाने. सार्वजनिक कामांतील हा जुनाच दोष येथेही आड आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात दहा वर्षांची देखभाल धरली आहे, ती याच अनुभवातून. शिवाय जोडणी एकेरी न ठेवता वलयाकार करावयाची आहे. त्यामुळे खोदकामात एका बाजूची केबल तुटली, तरी दुसऱ्या बाजूने ग्रामपंचायतीचे काम चालू राहू शकेल.