पेपरातले गणित



माझे शिक्षण सातवीपर्यंत. आज बोलावयास उभी आहे ती मुलीच्या हट्टामुळे.

2016 सालचा एप्रिल. मांजरा धरण आटले होते. धरण आपल्या केज तालुक्यात, धनेगावला. पण लातूर शहराची तहान त्यावरच भागते. तिथे मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. मुलगी तेव्हा नववीत. तिने पेपर मोठ्याने वाचला, "पहिल्या गाडीत पाच लाख लिटर!" मी म्हटले, बाई गं, केवढे पाणी! तिने गुरुजींकडून 2011 च्या खानेसुमारीचा आकडा आणला. शहरात पावणेचार लाखांवर माणसे. भागाकार करून म्हणाली, "आई, माणशी सव्वा लिटरच की गं."

मी गप्पच झाले.

मग तिने आमच्या घराचे पत्रे मोजले. तीस चौरस मीटर भरले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे तिच्याकडूनच कळले. दहा मिलिमीटरला तीनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या वीस घागरी! तेवढ्या वाहायला आम्हा मायलेकींना दोन दिवस लागत, आणि तिची शाळा बुडे.

तिच्या वडिलांनी पन्हळ लावली. शेजारी हसले. पहिले पाणी धुळीचे, ते सोडून द्यावयाचे. पुढे चांगला पाऊस झाला, तेव्हा पाणी हिशेबापेक्षा कमीच आले; काही उडते, काही गळते. पण पिंप काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी घागर न उचलता ती दहावीच्या वर्गाला वेळेवर गेली.