मूळ कोणते, मागाहूनचे कोणते?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने झाली, तेथे उभे राहून खेळण्यातल्या आगगाडीविषयी बोलायचे हे जरा धाडसाचेच आहे. परंतु झाशीत मराठी माणूस एकदा पेशवाईत आला आणि पुन्हा एकदा जी.आय.पी. रेल्वेच्या चाकरीसाठी आला. माझे वडील या दुसऱ्या लाटेतले. वर्कशॉपात फिटर होते. तेव्हा आगगाडी हा विषय आपणांस अगदीच परका वाटणार नाही, असा भरवसा आहे.

१९४७ साली एक इंग्रज अधिकारी मायदेशी परतताना घरचे सामान विकून गेला. त्यातून वडिलांनी एक पत्र्याची आगगाडी घेतली. किल्लीचे तांबडे इंजिन, त्यावर एल.एम.एस. ही अक्षरे, दोन मालडबे आणि रुळांचा एक गोल. त्या गाडीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी अशा गाडीची परीक्षा कशी करतात ते पाहू.

ही गाडी लिव्हरपूलच्या हॉर्नबी कारखान्यातली. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली ज्या खेळण्याचे पेटंट घेतले, तेच पुढे मेकॅनो या नावाने प्रसिद्धीस आले. १९२० मध्ये त्यांनी आगगाड्या काढल्या. त्यांच्या दोन रुळांत ३२ मिलिमीटर अंतर असे. या मापाला ओ गेज म्हणतात. १९३८ साली १६.५ मिलिमीटर रुळांवर धावणारी लहान ‘डब्लो’ गाडी आली. १९६४ मध्ये हा धंदा लाइन्स ब्रदर्स या कंपनीकडे गेला आणि १९७९ मध्ये बिन्स रोडवरचा तो जुना कारखाना बंद पडला. या गाड्यांच्या संग्राहकांची संस्था इंग्लंडात १९६९ पासून आहे. शौक वाढला तशी किंमत वाढली, आणि किंमत वाढली तसा प्रश्न उभा राहिला: या गाडीत मूळचे किती उरले आहे?

प्रश्न रास्तच आहे. खेळणे मुलांच्या हाती दिलेले असते, ते मोडणारच. चाके, बफर, कपलिंग, चिमणी, किल्ली, अक्षरांची ट्रान्सफर चित्रे, हे सारे आज लहान लहान कारागीर नव्याने बनवितात. त्यात गैर काही नाही. त्यांच्यामुळे कितीतरी गाड्या पुन्हा धावू लागल्या. गैर आहे ते नवे जुने म्हणून खपविणे.

म्हणून ‘ही गाडी अस्सल की नक्कल’ असा एकच घाऊक प्रश्न विचारू नये. एकेक भाग हाती घ्यावा आणि तो चारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे. पहिला, याच गाडीवर कारखान्यात बसविलेला. दुसरा, त्याच काळातला व त्याच कारखान्याचा, पण दुसऱ्या गाडीवरून काढून लावलेला. तिसरा, अलीकडे नमुन्यावरून केलेला. चौथा, कोणी घरी वा लेथवर केलेली दुरुस्ती. बाजारात या चारांची किंमत वेगवेगळी असते. घरात ती कशी असावी, याकडे मी नंतर येतो.

ओळखावे कसे? आरंभ अक्षरांपासून करावा. १ जानेवारी १९२३ रोजी ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, एल.एम.एस. ही त्यांतली एक. १ जानेवारी १९४८ पासून ब्रिटिश रेल्वेज हे एकच नाव आले. त्यामुळे एल.एम.एस. अक्षरांचा डबा १९२३ पूर्वीचा आहे असे कोणी सांगू लागला, तर तेथेच थांबावे. उलट बाजू मात्र इतकी पक्की नाही. जुना साठा संपेपर्यंत कारखाना तो वापरी. म्हणून जुन्या बांधणीवर नवी अक्षरे दिसली, एवढ्यावरून कोणावर लबाडीचा आरोप करू नये.

मग बांधणी पाहावी. १९२० च्या पहिल्या गाड्या मेकॅनोप्रमाणे नटबोल्टांनी जोडलेल्या होत्या. पुढे पत्र्याच्या जिभल्या खाचेत घालून दुमडण्याची पद्धत आली. या जिभल्या फार बोलक्या असतात. एकदाच दुमडलेल्या जिभलीवरचा रंग नीट असतो. पुन्हा उघडून मिटलेली जिभली कडेला तडकते, रंग सोडते. ती तशी दिसली म्हणजे गाडी कोणीतरी उघडली होती असे समजावे. डब्लो गाड्यांत कपलिंग पाहावे. महायुद्धापूर्वी ते चपट्या स्प्रिंगच्या पट्टीचे होते, नंतर त्याचा घाट बदलला. स्क्रूही पाहावेत. अधिकाच्या खुणेसारखी खाच असलेला स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आला. तो १९२५ च्या इंजिनात आढळला तर कोणाचा तरी हात मागाहून लागला आहे.

तिसरी गोष्ट धातूची. साच्यात ओतलेल्या भागांना मॅझॅक नावाचा जस्ताचा मिश्रधातू वापरीत. त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली तर तो वर्षानुवर्षे आतून पोखरत जातो. आधी फुगतो, मग तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. युद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांची चाके अशीच गेली. तेव्हा नव्वद वर्षांच्या इंजिनाला गुळगुळीत, बिनतडीची चाके दिसली तर आनंदाबरोबर थोडी शंकाही यावी. शंका यावी एवढेच. शुद्ध धातूची चाके आजही शाबूत आहेत.

चौथी गोष्ट रंगाची, आणि येथेच डोळे सर्वांत जास्त फसतात. खरी झीज हाताच्या सवयीने होते. किल्लीच्या भोकाभोवती, उचलताना बोटे टेकतात तेथे, चाक घासते तेथे रंग जातो. कोणी मुद्दाम केलेली झीज भलत्याच जागी आणि सर्वत्र सारखी असते. गाडी उलटी करून आतला पत्रा पाहावा. बाहेर रंग ताजा आणि आतल्या कडेवर त्याच रंगाचे तुषार उडालेले असतील, तर पुन्हा रंगकाम झाले आहे. अतिनील दिव्याखाली काही नवे रंग आणि गोंद निराळे चमकतात; पण तोही एकच साक्षीदार आहे, एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये. आणि खोक्यावर तर मुळीच विसंबू नये. खोके अस्सल आणि आतली गाडी दुसरीच, हे नित्याचे आहे.

आता आमच्या गाडीकडे वळतो. १९५८ साली, मी आठ वर्षांचा असताना, ते इंजिन माझ्या हातून ओट्यावरून खाली पडले आणि मागची दोन्ही चाके फुटली. वडील रागावले नाहीत. ओळखीच्या लेथवाल्याकडे बसून त्यांनी पितळेची दोन चाके कातून घेतली. डब्याचा तुटलेला हूक त्यांनी सायकलच्या आरीपासून वळविला. पितळी चाकांमुळे इंजिन थोडे जड झाले आणि वळणावर एक विशिष्ट खट् असा आवाज करू लागले. आमच्या घरी आगगाडीचा आवाज म्हणजे तोच.

वडील गेल्यावर, १९९४ मध्ये, गाडीला चांगली किंमत येईल असे कोणी म्हणाले. मी ती एका मोठ्या शहरातील जाणकाराकडे दुरुस्तीला पाठविली. परत आली ती लखलखीत होऊन. नवा तांबडा रंग, नवी अक्षरे, नवी चाके. पितळी चाकांची चौकशी केली तेव्हा उत्तर आले, “ती नकली होती, टाकून दिली.”

त्या गृहस्थाला मी दोष देत नाही. बाजाराच्या हिशेबाने ती चाके नकलीच होती. मी त्याला काही सांगितले नव्हते, कारण मलाच काही ठाऊक नव्हते. पुढे ही विद्या शिकलो आणि आपलेच इंजिन तपासले, तेव्हा कळले की त्याने बसविलेली चाकेही मूळची नव्हती. नव्या नकलेसाठी मी वडिलांच्या हातची वस्तू घालविली होती, आणि वर मजुरीही दिली होती. रंगाखालचा १९३० नंतरच्या दशकातला मूळ रंगही गेला. तो आता कोणालाच परत आणता येणार नाही.

म्हणून आपणां सर्वांना विनंती आहे. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत असे काही सापडले तर प्रथम घासू नका, रंगवू नका, तेल ओतू नका. आहे तशी छायाचित्रे काढा, खालची बाजूही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ही वस्तू कोठून आली, कोणी दुरुस्त केली. ते सांगतील ते सालासकट लिहून ठेवा. दुरुस्ती करावीच लागली, तर काढलेला प्रत्येक तुकडा पुडीत बांधून गाडीबरोबर ठेवा. आणि विकायची वेळ आली तर काय मूळचे व काय मागाहूनचे हे घेणाऱ्याला आपण होऊन सांगा. किंमत थोडी कमी येईल, शब्द मात्र राहील.

तो सायकलच्या आरीचा हूक तेवढा वाचला, कारण तो डबा मी पाठविला नव्हता. गेल्या वर्षी एका संग्राहकाने तो डबा पाहून हूक बदलून देण्याची तयारी दाखविली. मी नको म्हणालो. डब्याखाली आता एक चिठ्ठी चिकटविली आहे: “हूक कारखान्याचा नाही. झाशी येथे घरी केलेला, १९५८.” माझ्यामागे जो कोणी हा डबा हाती घेईल, त्याला परीक्षेचे तेवढे श्रम वाचतील.