सीमा संसदेची, शाळा आपली
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपती बाप्पा मोरया! पोळा झाला, गोटमार झाली, बाप्पा बसले. आता मंडपात तो प्रश्न निघणारच : १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशातच राहिले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आपले मत कोणी घेतले? आणि आपली नगरपालिका ठराव करून कोर्टात का जात नाही?

आम्ही सरळच सांगतो. घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्याची सीमा संसद ठरवते. राष्ट्रपती संबंधित विधानमंडळाचे मत मागवतात. ते संसदेवर बंधनकारक नसते. जनतेच्या मतदानाची त्यात तरतूद नाही. द्वैभाषिक मुंबई राज्याविरुद्ध बाबूलाल पराते कोर्टात गेले होते. विधेयक वाटेत बदलले, बदललेला प्रस्ताव विधानमंडळापुढे आलाच नाही, हे त्यांचे म्हणणे. दर दुरुस्तीला पुन्हा विचारण्याची गरज नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ते फेटाळले.

गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. पण त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला होता. बेळगावसाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो महाराष्ट्र राज्याने. कलम १३१ खालचा असा दावा केंद्र आणि राज्येच लावू शकतात. नगरपालिकेला ते दार बंद आहे.

मग आपल्या हाती काहीच नाही का? आहे. त्याच १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने, आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे ते सांगते. म्हणजे सीमेच्या वादात जिला जागा नाही, त्या नगरपालिकेचा विचार घटनेने इथे केला आहे. शब्द ‘प्रयत्न करावा’ असा आहे, हेही विसरू नये. मागणाराच नसेल, तर प्रयत्न कोण करणार?

आम्ही स्वतःलाच विचारतो : नातवाचे नाव शाळेत घालताना आपण मराठीची चौकशी तरी केली का? घरी मराठी बोलणारे ते पोर मराठीत आजीला चार ओळींचे पत्र लिहू शकेल का?

२०२३ पासून पांढुर्णा जिल्हा आहे, सौसर त्यातच आहे. अर्ज घेऊन आता छिंदवाड्याला जायला नको. सीमेची चर्चा मंडपात होत राहील, होऊ द्या. पण यंदा विसर्जनापूर्वी प्रत्येक वॉर्डातून पालकांच्या सह्यांचा एक अर्ज तयार करू : आमच्या मुलांना प्राथमिक शाळेत मराठी हवी. त्याला कोणत्याही दाव्याची गरज नाही, आपल्या सह्यांची आहे.

मंगलमूर्ती मोरया!