विषुववृत्ताजवळचे ऋतू आणि लेखकाची वही



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून वसंत आणि व्याख्यान ही जोडी मराठी मनात पक्की बसली. आज आपणही चैत्रातच जमलो आहोत. गुढीसाठी आंब्याची पानं आणि कडुनिंबाचा डहाळा सिंगापूरच्या टेक्का मार्केटातून आणून झाला. पण या सभागृहाबाहेरची झाडं पौषातही अशीच हिरवी होती आणि भाद्रपदातही अशीच असतील. मग सिंगापुरात राहून मराठीत निसर्गावर लिहायचं ते कशाच्या आधारानं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशही दूर नाही. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम नऊ मिनिटांचा फरक पडतो. पुण्यात हाच फरक दोन तासांहून अधिक असतो. सिंगापुरात वर्षाला साधारण १७० दिवस पाऊस पडतो आणि तोही सगळ्या महिन्यांत विखुरलेला. आपली भाषा मात्र ऋतूंवर वाढलेली आहे. चैत्रपालवी, वैशाखवणवा, मृगाचा पाऊस, श्रावणसरी, कोजागिरीचं चांदणं हे शब्द आपल्याला नुसते ठाऊक नाहीत, त्यांच्यातूनच आपण बाहेर पाहतो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नियतकालिकाचं नाव 'ऋतुगंध' आहे आणि त्याच्या अंकांना वसंत, ग्रीष्म, वर्षा अशी ऋतूंची नावं असतात. मला हे फार हृद्य वाटतं. ज्या बेटावर शिशिर येत नाही तिथे शिशिर अंक निघतो, तो भाषेवरच्या प्रेमापोटी. पण लिहिणाऱ्यापुढे त्यातूनच एक प्रश्न उभा राहतो. डिसेंबरात ईशान्य मोसमी पाऊस दिवसदिवस कोसळत असताना आपण खिडकीत बसतो आणि कागदावर उतरतो तो कोकणातला आषाढ. समोरचा पाऊस तसाच राहून जातो.

माझं म्हणणं असं आहे, की इथेही ऋतू आहेत. ते आपल्या महिन्यांची नावं घेऊन येत नाहीत, सगळ्या गावावर एकदम उतरत नाहीत, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. रोज लिहून ठेवणाऱ्याला ते हळूहळू दिसू लागतात. म्हणून इथल्या लेखकाची प्रेरणा आणि त्याची लेखनाची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. आधी वही, मग निसर्ग, असा उलटा क्रम इथे लागतो.

आपल्याकडे याला मोठा आधार आहे. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख. ते लिहिणाऱ्या दुर्गाबाई रानात मुक्कामाला नव्हत्या, त्या मुंबईकर होत्या. शहरात राहून त्यांनी महिन्यामहिन्याचा फरक टिपला, कारण त्या तीच झाडं, तोच समुद्र पुन्हा पुन्हा पाहत होत्या. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. रानात हिंडणं हे त्यांचं कामच होतं. पण त्यांच्या लेखनाचं बळ नुसत्या हिंडण्यात नाही. ज्याला जे ठाऊक आहे त्याला ते विचारायचं आणि विसरण्याआधी लिहून ठेवायचं, यात ते आहे. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांविषयी जे ऐकलं, ते त्यांनी टिपलं नसतं तर कुठल्याच ग्रंथात आलं नसतं.

आता सिंगापूरचंच उदाहरण घेतो, आणि याच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. १८५४ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा इंग्रज इथे उतरला. वय एकतीस. बुकित तिमाच्या टेकडीजवळ एका फ्रेंच मिशनऱ्याकडे तो राहिला. त्या काळी या रानात वाघ होते आणि वाघांसाठी खणलेले खड्डेही होते. तिथून आईला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपला दिनक्रम सांगितला आहे. पहाटे साडेपाचला उठायचं. अंघोळ, कॉफी. मग आदल्या दिवशीचे कीटक नीट लावून वाळायला ठेवायचे. आठला न्याहारी, नऊला रानात. दोन-तीनपर्यंत हिंडून परत, चारला जेवण, पुन्हा सहापर्यंत काम. दोनेक महिन्यांत त्यानं भुंगेऱ्यांच्या ७०० जाती गोळा केल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या एका चौरस मैलाहून मोठ्या नसलेल्या रानाच्या तुकड्यातून.

हे कसं साधलं, याचं कारण त्यानं स्वतःच दिलं आहे. त्या रानात चिनी लाकूडतोडे झाडं पाडत होते. पाडलेल्या झाडांची साल, सुकलेली पानं, लाकडाचा भुसा यांवर कीटक येत. माणसाच्या कामाचा हा पसारा त्यानं रानापासून वेगळा काढला नाही. आपण मात्र तेच करतो. बाल्कनीतून दिसणारी क्रेन, झाडाच्या फांद्या छाटणारे कामगार, पदपथावरची पानं उडवणारं यंत्र, हे सगळं बाजूला सारून मगच निसर्गाकडे पाहू म्हणतो. सिंगापुरात तसं करणाऱ्याच्या हाती फारसं काही उरणार नाही. इथली झाडं लावलेली आहेत, मोजलेली आहेत, छाटलेली आहेत. ली कुआन यू यांनी १९६३ साली स्वतः एक झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली, तिथपासून हे शहर झाडं वाढवत आलं आहे. रस्त्यावर छत्री धरणारा पर्जन्यवृक्ष, जो आपण मुंबईतही पाहतो, तो मुळात अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. तो इथे पाहुणा आणि मुंबईतही पाहुणाच. म्हणून त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही, असं कोण म्हणेल? संध्याकाळी तो पानं मिटतो. मलय लोक त्याला 'पुकुल लिमा' म्हणतात, म्हणजे पाच वाजता. इतकं नेमकं नाव रोज पाहिल्याशिवाय सुचत नाही.

वॉलेसची आणखी एक गोष्ट मला आदर्श वाटते. आठ वर्षं या द्वीपसमूहात फिरून तो १८६२ मध्ये मायदेशी गेला. त्याचं 'द मलय आर्किपेलॅगो' प्रसिद्ध झालं ते १८६९ मध्ये. मधली सात वर्षं तो संग्रह लावत होता, नोंदी उलगडत होता. पाहणं आणि लिहिणं यांच्यात इतकं अंतर पडलं तरी पुस्तकातलं रान ताजं राहिलं, कारण तपशील आठवणीच्या भरवशावर सोडलेला नव्हता.

नोंदीचं बळ दाखवणारं इथलंच आणखी एक उदाहरण आहे. सुंगेई बुलोहचा पाणथळ प्रदेश आज आपण सहलीला जातो तेव्हा तयार मिळतो. १९८६ साली तिथे कोळंबीची आणि माशांची जुनी तळी होती. काही हौशी पक्षिनिरीक्षकांना तिथे पक्ष्यांची गर्दी दिसली. त्यांनी ती नोंदवली आणि ही जागा राखा असा आग्रह सरकारकडे धरला. १९९३ मध्ये तिथे निसर्गोद्यान झालं, २००२ मध्ये त्याला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. सप्टेंबर ते मार्च या काळात उत्तरेकडून, थेट सायबेरियातून येणारे पाणपक्षी तिथे उतरतात. शिवडीच्या खाडीत रोहित पक्ष्यांची वाट पाहणाऱ्यांना हे वाट पाहणं वेगळं सांगायला नको. इथला हा एक धडधडीत ऋतू आहे, आणि तो आपल्याला मिळाला तो कुणीतरी नोंद केली म्हणून.

आता माझी स्वतःची रीत सांगतो. ती सगळ्यांना मानवेल असं नाही.

मी एक जागा धरली आहे. घराजवळच्या रस्त्यावरचा एक जुना पर्जन्यवृक्ष. सुंदर म्हणून नव्हे, बसथांब्याला जाताना तो रोज वाटेत येतो म्हणून. वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, आणि काय दिसलं. विशेषणं नाहीत. 'रम्य', 'मनोहर', 'हिरवागार' हे शब्द वहीत आले की डोळ्यांचं काम संपतं. फुलं पांढरी होती, किती होती, कुठल्या फांदीवर होती, वास केव्हा आला, एवढंच.

या शिस्तीनं मला एक ऋतू दाखवला. त्या वृक्षाच्या फांद्यांवर पिजन ऑर्किड वाढलेलं आहे. आपल्याकडच्या आमरीच्याच कुळातली ही वनस्पती इथल्या जुन्या झाडांवर अगदी सर्रास दिसते. एका सकाळी सगळी फांदी पांढऱ्या सुगंधी फुलांनी भरलेली असते, संध्याकाळी ती फुलं मलूल होतात आणि दुसऱ्या दिवशी काही नसतं. नुसतं पाहणाऱ्याला हा योगायोग वाटतो. वहीची पानं मागे उलटली तर साधारण नऊ दिवसांपूर्वी जोराचा पाऊस सापडतो. तयार होऊन थांबलेल्या कळ्या, पावसानं हवा एकाएकी काही अंशांनी गार झाली की पुढे वाढू लागतात, आणि नवव्या दिवसाच्या सुमाराला त्या भागातली सगळी झाडं एकाच दिवशी फुलतात. वनस्पतिशास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. पण माझ्या दोन नोंदी एकमेकींना भिडल्या त्या क्षणी मला लेख मिळाला. पहाटे सुमात्राकडून वादळाची रांग येते, खिडक्या थडथडतात, आपण कूस बदलून झोपतो, आणि त्याच पहाटे रस्त्यावर नऊ दिवसांनंतरचं काहीतरी ठरून जातं. दोन्ही नोंदी एकेकट्या अगदी साध्या होत्या.

म्हणून मी नोंद ताबडतोब लिहायला घेत नाही. ती पडून राहू देतो. तिला भेटणारी दुसरी नोंद आली की मगच बसतो. प्रेरणा म्हणून आपण ज्याची वाट पाहतो, ते माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हेच असतं.

आता आठवणींचं काय करायचं? परदेशी राहणाऱ्या मराठी लेखकाला हा प्रश्न चुकत नाही, आणि तो हृदयाचा प्रश्न आहे. इथे पहाटे कोकीळ ओरडतो. एके काळी तो या बेटावर क्वचित दिसणारा पाहुणा होता. कावळे वाढले तसा तो १९८० नंतर इथेच वीण करू लागला, अर्थात कावळ्यांच्या घरट्यात. त्याची हाक इथे वर्षातल्या बहुतेक महिन्यांत कानावर येते. ती ऐकली की माझं मन आंब्याच्या मोहोराकडे धावतं, आणि धावू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त मी वहीचं डावं पान आठवणीसाठी ठेवतो आणि उजवं समोर दिसलं त्यासाठी. उजव्या पानावर लिहितो, कोकीळ, ऑक्टोबर, पहाट, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर. डाव्या पानावर आजोळचा आंबा येतो. लेख लिहिताना दोन्ही पानं उघडी असतात. कधी डावं पान जिंकतं. पण उजवं पान असतं म्हणून डाव्याला समोरचं खोडून टाकता येत नाही. मराठी साहित्यात आश्विनातला कोकीळ आणायचा असेल तर तो इथूनच येईल, आणि तो आणण्याचं काम पुण्या-नाशिकचा लेखक करू शकणार नाही. हे आपलं काम आहे. आपल्या वाट्याला आलेली ही नवी जमीन मराठीला मिळालीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पहिला मसुदा मी हातानं लिहितो, मोठ्यानं वाचतो. जिथे जीभ सवयीच्या शब्दावर घसरते ती ओळ काढतो. याविषयी अधिक बोलत नाही, कारण प्रत्येकाचा कान निराळा असतो.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचाराल. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरी आजारी माणूस, सगळ्यांनाच आहे. नोंदीला चार ओळी लागतात, बस येईपर्यंत त्या होतात. लेख महिन्याकाठी एक झाला तरी पुष्कळ.

सुरुवात करायची असेल तर तेंबुसूपासून करा. बोटॅनिक गार्डन्समध्ये एक फांदी जमिनीलगत आडवी गेलेला जुना तेंबुसू आहे. पाच डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, आणि तो १८५९ मध्ये स्थापन झालेल्या त्या बागेहूनही जुना आहे. पण तितक्या लांब जायची गरज नाही, तेंबुसू रस्त्यांवर, उद्यानांत जागोजागी आहेत. ते वर्षातून दोनदा फुलतात, मेच्या आसपास आणि पुन्हा ऑक्टोबरच्या आसपास. फुलं पिवळसर पांढरी, वास संध्याकाळी दाटतो, पुढे लाल फळं धरली की रात्री वटवाघळं येतात. म्हणजे पहिल्या बहराला आता थोडेच दिवस उरले आहेत. तुमच्या घराजवळचा तेंबुसू या आठवड्यात शोधून ठेवा, पहिला वास येईल त्या दिवसाची तारीख टिपा, आणि ऑक्टोबरात पुन्हा टिपा. या दोन तारखांच्या मध्ये त्या झाडाखाली तुम्हाला जे दिसलं असेल, ते मला वाचायचं आहे.