पोराच्या हातात मोबाईल, घरात हिशोबाची वही

(राजूर येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या एका बँक सखीने केलेले भाषण)



आज बँकेचं नाही, माझ्याच घरातलं सांगते. मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीत हप्ता भरायला मी मोबाईल काढला. खात्यात 5,000 रुपये असतील असं मी धरून चालले होते. निघाले 3,600. मग 1,400 रुपये गेले कुठं?

बाहेरच्या कोणी नेले नव्हते. माझ्याच नववीतल्या पोरानं नेले होते. कधी 20 रुपयांचे चिप्स, कधी 40 चं थंड, कधी मोबाईलवरच्या खेळात 50. महिनाभरात 36 वेळा! विचारलं तर म्हणते कसा, "आई, मी तं वीस-तीस रुपयेच खर्च केले." तो खोटं बोलत नव्हता. त्याले खरंच समजलं नव्हतं.

आणि पिन त्याला कोणी दिला? मीच. दिवसभर तुम्हाला सांगते, "पिन कोणाला सांगू नका." घरी भाकरी थापताना हात पिठाचे होते, म्हणून पोराला ओरडून पिन सांगून टाकला.

आपल्या लहानपणी आई दुकानात पाठवताना नोट द्यायची आणि उरलेले पैसे मोजून घ्यायची. नोट हातातून गेली की कळायचं. मोबाईलमधला पैसा जाताना दिसत नाही. यूपीआय 2016 मध्ये आलं, आता चहाच्या टपरीवरही कोड चिकटवलेला असतो. उद्या लेकरं वणीला, यवतमाळला शिकायला जातील, तेव्हा हे त्यांना वापरावंच लागेल. मग मोबाईल हिसकून काय होणार? सवय लावावी लागेल.

मी विचार केला, सवय लावायची रीत तर आपल्याजवळ आहेच. आपली पंचसूत्री! तीच घरात लावली.

नियमित बैठक: दर रविवारी संध्याकाळी दोघं मोबाईलमधले व्यवहार उघडून बसतो.
बचत: महिन्याचे 300 रुपये ठरले. त्यातले 50 आधी बाजूला.
कर्ज आणि परतफेड: गेलेले 1,400 रुपये त्याच्यावर कर्ज. महिन्याला 100 परत. व्याज लावलं नाही, पण माफही केलं नाही. आतापर्यंत 6 हप्ते आले.
हिशोब: प्रत्येक खर्च वहीत, त्याच्याच हातानं.

आता सोयीचं सांगते. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2025 मध्ये सांगितलं आहे की 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बँका आपल्या नियमानुसार स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देऊ शकतात. आपल्या बँकेत विचारा. दुसरं, 2024 मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. पोरगं आपल्या मोबाईलवरून पैसे देते, पण ते आपल्या खात्यातून जातात. प्रत्येक वेळी आपण मंजुरी द्यायची किंवा महिन्याची मर्यादा बांधून द्यायची. पिन आपल्याजवळच राहतो. ज्यांना बघायचं असेल त्यांनी सभेनंतर थांबा.

दोन गोष्टी लेकरांना पाठ करून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर तो लुटायलाच बसला आहे. आणि फसलं तर लगेच 1930 वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. पण लेकरू मार बसेल म्हणून दोन दिवस लपवून ठेवते, आणि तिथंच घात होतो. म्हणून आजच घरी जाऊन सांगा, "फसलास तर पहिले मले सांग, मी रागावणार नाही."

आणि हो, पोराला मोबाईल अन् पोरीला "तुले काय करायचं?" असं करू नका. आपण अंगठा सोडून सही शिकलो ते कशासाठी?

आपल्या राजुरात कोणाच्या घरी कोळसा खाणीचा पैसा येतो, कोणाच्या चुनाभट्टीचा, कोणाच्या कापूस वेचणीचा. आहे तो घामाचाच. तो कसा येतो हे लेकराला वहीत दिसलं पाहिजे.

मागच्या रविवारी पोरानं वही पाहून मलाच पकडलं. "आई, या हप्त्यात साखर दोनदा आणली. काऊन?" मला उत्तर देता आलं नाही. पण खरं सांगते, लई बरं वाटलं.