टाळी पडते, हिशेब राहतो
(पुणे येथील मेळाव्यातील भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीवाले आज पुण्यात आला आहात, म्हणून पुण्याचीच एक गोष्ट सांगतो.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनच्या रयतेची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने मांडली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे हे तिचे आधार. गावोगावची माहिती गोळा करायची, आकडे मांडायचे आणि सरकारला जाब विचारायचा, ही सभेची रीत.

पुढे डिसेंबर १८९५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले. १८८७ पासून काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद भरत असे. टिळकांच्या बाजूचे म्हणणे असे, की समाजसुधारणेवरून लोकांत दुफळी आहे, ती या मंडपात नको. रानडे म्हणत, राजकारण आणि सुधारणा बरोबरच चालल्या पाहिजेत. दोन्ही बाजूंत विचार करण्यासारखे होते. पण धर्म बुडाला, अशी हाकाटी झाली आणि मुद्दे मागे पडले. मंडप जाळण्याच्या धमक्या आल्या. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. सार्वजनिक सभा त्याच वर्षी टिळकांच्या बाजूकडे गेली होती. १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली.

आणि त्याच १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव जाऊन रयतेला दुष्काळी कायद्यातले हक्क सांगू लागली. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. सारावसुलीचा अभ्यास असणारे एका सभेत, रयतेला उठवणारे दुसऱ्या सभेत. सोय कोणाची झाली? सरकारची. उपाशी कोण राहिले? तुमचे-आमचे पणजोबा.

आता आजचे बघा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला. आणि वेचणीच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. खेडा खरेदीत भाव किती पडला, वेचणीला किती गेले, पदरात काय उरले, हे कोणत्या सभेत विचारले गेले? २०२३-२४ मध्ये मराठवाड्यात आरक्षणावरून मराठा आणि ओबीसी समोरासमोर उभे राहिले. एकमेकांच्या दुकानाची पायरी चढायची नाही, इथवर बोलणे गेले. दोघांच्याही पोरांना नोकरी हवी, कारण दोघांचीही शेती तोट्यात. पण जो पुढारी जातीवर टाळी घेतो, त्याला कापसाच्या भावाचे उत्तर द्यावे लागत नाही.

राग नको, असे मी म्हणत नाही. रागाशिवाय आंदोलन उभे राहत नाही. पण भावावरचा राग माणसाला हिशेबाकडे नेतो आणि शेजाऱ्यावरचा राग हिशेब विसरायला लावतो.

म्हणून गावच्या बैठकीत दोन नियम करा. ज्याला दुसऱ्याचे म्हणणे खोडायचे आहे, त्याने आधी ते म्हणणे असे सांगावे की समोरचा म्हणेल, ‘हो, हेच माझे म्हणणे.’ मगच उत्तर द्यावे. आणि जो जातीवर घसरेल, त्याला एकच विचारा : यात कापसाचा भाव कितीने वाढला? उत्तर नसेल, तर त्याला खाली बसवा आणि पुढच्याला बोलू द्या.