मक्यातली दडलेली लष्करी अळी कशी मोजावी?

चाकण-खेड भागात दुभत्या जनावरांसाठी पुष्कळ जण मका करतात. अमेरिकन लष्करी अळी 2018 साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर भागात आली. ही अळी पोंग्यात दडून खाते. तेव्हा बांधावरून दिसली नाही, म्हणजे ती नाहीच, असं समजू नका.

एक मादी हजाराच्या आसपास अंडी घालते. समजा, त्यातली 20च जगली आणि त्यात 10 माद्या निघाल्या. म्हणजे महिन्याभरात 10 माद्या, दोन महिन्यांत 100! पण जोराचा पाऊस झाला किंवा मित्रकीटकांनी अंडी फस्त केली, तर त्या मादीचा वंश तिथंच संपतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन वावरांतही अळी सारखी नसते. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपण फवारू नये. आपलं वावर आपण मोजावं.

उगवण होताच एकरी 5 कामगंध सापळे लावा. त्यात फक्त नर पतंग अडकतात. माद्या शेतातच राहतात. एकाच सापळ्यावर विसंबू नका, पाचांची सरासरी काढा. कंपनीच्या पाळीमुळे तीन दिवसांनी जाणं झालं, तर आकडा तिनानं भागा. सापळ्यामागे रोज एक पतंग पडू लागला, की झाडं मोजा.

बांधाकडच्या ओळी सोडून आत जा. पाच ठिकाणी सलग 20-20 झाडं पाहा. निवडून पाहू नका. पोंग्यात ताजी विष्ठा किंवा पानावर ताजे पांढरट पट्टे असतील, ते झाड धरा. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी उरते. बारीक अळ्या मात्र एका झाडावर अनेक असतात.

60 बाय 20 सेंटीमीटर लागवडीत एकरी सुमारे 33 हजार झाडं बसतात. शंभरात 5 झाडं लागलेली असतील, तर एकरात सुमारे 1,650 झाडं लागली. हा अंदाज आहे. खरा आकडा निम्मा किंवा दुप्पटही असू शकेल. म्हणून प्रत्येक मोजणी वहीत लिहा.

उगवणीनंतर पहिल्या तीन आठवड्यांत शंभरात 5 झाडं लागली, की 5 टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा संध्याकाळी फवारा. त्याहून कमी असतील, तर न फवारता तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. फवारूनही आकडा चढत राहिला, तर वही घेऊन कृषी कार्यालयात या. चाऱ्याच्या मक्यावर विचारल्याशिवाय रासायनिक औषध मारू नका; मका जनावराच्या पोटात जातो आणि दूध आपल्या घरात येतं.